नानांची जीभ आणि तांबडं पाकीट

"हे आपलं बिस्किट नाही," नाना म्हणाले आणि त्यांनी कप बशीत ठेवला.

सून दारातच उभी होती. तोंडात तीन टाचण्या, गळ्यात मोजपट्टी आणि जीव पुढच्या खोलीतल्या मशीनवर अडकलेला. तिथे एका गिऱ्हाइकाची पँट कमरेत उसवून पडली होती आणि गिऱ्हाईक पाचला येणार होतं. तिने टाचण्या हातात घेतल्या, बशीतलं एक बिस्किट उचललं, दोन घासांत संपवलं आणि म्हणाली, "तेच आहे की हो, नाना. तांबडं पाकीट, आल्याचं. सकाळी मीच आणलंय."

"पाकीट तांबडं असेल. बिस्किट ते नाही."

"दुकानात हवा लागली असेल एखाद्या पाकिटाला," असं म्हणेपर्यंत ती मशीनवर जाऊन बसलीसुद्धा.

नाना म्हणजे तिचे सासरे. वय एक्याऐंशी. चाळीस वर्षं त्यांनी एका छापखान्यात मुद्रितं तपासली. पुस्तकं, वेळापत्रकं, औषधांच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या, जे काही छापायचं ते आधी त्यांच्या नजरेखालून जायचं. चुकलेली वेलांटी त्यांना डोळ्यात गेलेल्या कुसळासारखी खुपायची, म्हणून छापखान्यातले लोक त्यांना वेलांटीमास्तर म्हणत. समोर कुणी म्हणत नसे, पण नानांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

चार वर्षांपूर्वी डोळ्यांच्या पडद्याने दगा दिला. माणसं, दारं, झाडं कडेकडेने दिसायची, पण जिथे नेमकं बघायला जावं तिथे धुक्याचा बोळा. वाचन संपलं. जन्मभर अक्षरांत वावरलेल्या माणसाला वर्तमानपत्राचा मथळाही दुसऱ्याने वाचून दाखवायची वेळ आली. त्याबद्दल नाना कधी कुरकुरले नाहीत. दिवसातले जे दोन-तीन ठरलेले आनंद उरले होते, ते मात्र त्यांनी घट्ट धरून ठेवले.

त्यातला एक चारच्या चहाचा. चहासोबत आल्याची दोन बिस्किटं. बिस्किट चहात बुडवायचं, मनात सात मोजायचे आणि वर काढायचं. सातला ते मऊ झालेलं असतं पण धीर सोडत नाही. आठला धोका, नऊला जलसमाधी. नानांची बायको गेल्यापासूनही या मोजणीत कधी खंड पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच आकड्याला बिस्किट कमरेत मोडलं आणि तळाला गेलं. त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. नाना चमच्याने कपातला गाळ ढवळत बसले.

रात्रीच्या जेवणाला मुलापाशी विषय निघाला. मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा. दिवसभर अडकलेल्या लोकांची बोलणी खाऊन आलेला. तो म्हणाला, "नाना, हात थरथरतो हल्ली तुमचा. त्याने मोडत असेल."

"हात थरथरला तर चव बदलते का रे?"

"वयानं चवही कमी होते."

"कमी होते. वेगळी होत नाही."

मुलाने बायकोकडे बघितलं. बायकोने ताटाकडे बघितलं.

नानांनी हट्टच धरला तेव्हा सुनेने एका दुपारी कंपनीला दोन ओळी लिहून पाठवल्या. बिस्किट बदललंय का, एवढंच विचारलं. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. नाना खुर्चीत सरसावून बसले आणि ती मोबाइलवरून मोठ्याने वाचू लागली. आमचा दर्जा, आमची परंपरा, तीन पिढ्यांचा विश्वास, सगळं झालं. मग पुढचं वाक्य आलं. "आमच्या उत्पादनात कोणताही बदल झालेला नाही. चवीचा अनुभव वय, प्रकृती आणि..."

वाक्य कुठे चाललंय हे कळेपर्यंत उशीर झाला होता. तिने जीभ चावली.

"आणि?" नानांनी विचारलं.

"आणि हवामान, यांनुसार वेगळा असू शकतो."

"बरं," नाना म्हणाले. ते उठले, भिंतीला हात लावत आपल्या खोलीत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

त्यानंतर डॉक्टर झाले. डॉक्टरांनी जीभ बाहेर काढायला लावली, बॅटरीने घसा बघितला, आणि "या वयात चालायचंच" म्हणून पाठीवर थाप मारली. घरी येताना नाना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसून होते.

एरवी नाना म्हणजे स्वयंपाकघराचा पहारेकरी. डाळीत मीठ पडलंय की नाही हे वासावरून सांगणार, दूध दुसऱ्या डेअरीचं आणलं तर पहिल्या घोटाला ओळखणार. आता ते बंद झालं. "नाना, काय करू जेवायला?" असं विचारलं की म्हणत, "काहीही कर. मला काय कळतंय?" एका सकाळी अंघोळ करून आले आणि दबक्या आवाजात विचारू लागले, "अगं, तू साबण बदललास का? की माझं नाकही गेलं?"

"बदललाय, नाना. तो मिळाला नाही म्हणून दुसरा आणलाय."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. डोळे गेल्यावर जो माणूस हसत होता, तो आता साबणाच्या वासावरून स्वतःची परीक्षा घेत होता. पण तरीही, खरं सांगायचं तर, तिलाही वाटत होतं की नानांचं आता होत आलंय. तिने स्वतः खाऊन बघितलं होतं ना ते बिस्किट?

पुढे काय घडलं ते एका कोटामुळे घडलं.

चौकात जनावरांचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरीणबाई आपला जाड गरम कोट घेऊन आल्या. अस्तराच्या चिंध्या झाल्या होत्या. "एका मांजराला टोचायचं होतं, त्याला ते मान्य नव्हतं," एवढंच त्यांनी सांगितलं. थंडी यायला दोन महिने होते, घाई नव्हती. सून हे काम गेली सोळा वर्षं करत होती. कुणाचे कपडे आत घ्यायचे, कुणाचे सैल करायचे, चेन बदलायची, अस्तर घालायचं. तिचा एक नियम होता. कात्री लावण्याआधी खिसे तपासायचे. आजवर खिशांतून चाव्या निघाल्या होत्या, कवळी निघाली होती, एकदा न पाठवलेलं प्रेमपत्रही निघालं होतं.

कोटाचे खिसे रिकामे होते, पण उजव्या खिशाला आतून चांगलं मुठीएवढं भोक पडलेलं. तिने अस्तर उसवलं तेव्हा कापड आणि अस्तर यांच्या मधोमध, खाली काठाशी, काहीतरी हाताला लागलं. ओढून काढलं तर तांबडं पाकीट. तोंड पिळून बंद केलेलं, आत पाच बिस्किटं.

तिने ते बाजूला ठेवलं आणि पुन्हा उचललं. पाकिटावर गेल्या वर्षीची तारीख होती. ती उठली, स्वयंपाकघरातून नवं पाकीट घेऊन आली आणि दोन्ही पाकिटं मशीनच्या दिव्याखाली शेजारी शेजारी धरली. तोच तांबडा रंग, तीच अक्षरं, तेच चित्र. मागच्या बाजूला मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत घटक लिहिलेले. सुईत दोरा ओवणारे डोळे तिचे, तिला ते वाचता आले.

जुन्यावर होतं: गव्हाचं पीठ, साखर, लोणी, काकवी, सुंठ, मीठ.

नव्यावर होतं: गव्हाचं पीठ, साखर, वनस्पती तेल, साखरेचा पाक, सुंठ, आल्याचा स्वाद, मीठ.

तिने दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं. आणि मग डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"तुमच्या कोटाच्या अस्तरात बिस्किटं सापडली आहेत."

"मेलेलं काही नाही ना सापडलं?"

"नाही, नाही. तांबडं पाकीट आहे."

"मग माझंच. निळं असतं तर कुत्र्यांचं."

"त्यातलं एक खाल्लं तर चालेल का? म्हणजे मी नाही खाणार. माझे सासरे खातील."

"अहो, ती गेल्या थंडीतली असतील."

"म्हणून तर हवीत."

"घ्या बापडे. पण पोटात दुखलं तर मी माणसांची डॉक्टर नाही, एवढं लक्षात ठेवा."

चार वाजता तिने चहा केला, बशीत जुन्यातलं एक बिस्किट घातलं आणि बशी नानांसमोर ठेवली. एरवी कप ठेवला की ती मशीनवर पळायची. आज समोरची खुर्ची ओढून बसली.

"नको गं बिस्किट," नाना म्हणाले.

"एकच घ्या."

तिचं मन मोडू नये म्हणून त्यांनी ते उचललं आणि चहात बुडवलं. त्यांचं लक्षही नव्हतं. ओठ मात्र सवयीने हलत होते. एक, दोन, तीन. तीनला त्यांनी चमचा हातात घेतला. चार. पाच. चमचा खाली ठेवला. सहा. सात. बिस्किट वर आलं, अखंड, टोकाशी चहाचा एक थेंब घेऊन. नानांनी ते तोंडात घातलं आणि डोळे मिटले.

सून खुर्चीच्या टोकाला सरकली.

"शिळं आहे," नाना म्हणाले. "लोकरीचा वास बसलाय त्याला. कुठे ठेवलं होतंस?" मग अजून एकदा चावलं. "पण हे आपलं बिस्किट. कुठून आणलंस?"

तिने कोटाची हकीकत सांगितली. मग दोन्ही याद्या वाचून दाखवल्या, मुद्रितं वाचतात तशा, सावकाश, स्वल्पविरामाला थांबत. नाना मान हलवत ऐकत होते. काकवी आली तेव्हा त्यांनी बोट वर केलं. नव्या यादीत ती आली नाही तेव्हा बोट तसंच वर राहिलं.

"काकवी काढली," ते म्हणाले. "आणि लोणी. तरीच धीर धरत नव्हतं." मग जरा थांबून, अगदी हळू, "म्हणजे माझी जीभ..."

"जीभ शाबूत आहे, नाना. आमचेच कान गेले होते."

तिला आणखी पुष्कळ बोलायचं होतं. त्या दिवशी बिस्किट खाल्लं ते कामाच्या नादात, कापूस खाल्ला असता तरी कळलं नसतं. आणि ज्याने चाळीस वर्षं एक टिंब सोडलं नाही, त्याच्यापेक्षा आपण कंपनीच्या पत्रावर विश्वास ठेवला. पण तिच्या तोंडून एवढंच निघालं, "रात्री काय करू जेवायला?"

"डाळ कर," नाना म्हणाले. "आणि काल मीठ कमी होतं. परवाही होतं. मी बोललो नाही."

नवरा घरी आला तेव्हा त्याच्या पुढ्यात दोन पाकिटं आणि एक भिंग मांडून ठेवलेलं होतं. त्याने वाचलं, डोकं खाजवलं आणि वडिलांसमोर जाऊन उभा राहिला. "नाना, चुकलंच माझं."

"हात थरथरतो हेही खरं आहे," नाना उदारपणे म्हणाले.

आता सुनेच्या अंगात आलं. दुसऱ्या दिवशी तिने कंपनीच्या तक्रारींच्या नंबरावर फोन लावला. एक मुलगी गोड आवाजात म्हणाली की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे आणि उत्पादनात कोणताही बदल झालेला नाही. सुनेने दोन्ही याद्या वाचून दाखवल्या. पलीकडची कीबोर्डची टकटक बंद झाली. मग त्या मुलीचा आवाज एकदम खाली आला आणि खराखुरा झाला. "काकू, खरं सांगू? माझी आजीसुद्धा रोज मला हेच विचारते. मला जे वाचायला दिलंय तेच मी वाचते. तुम्ही कागदावर लिहून टपालाने पाठवा. कागद आला की तो कुणाच्या तरी टेबलावर ठेवावाच लागतो."

पत्राचा मजकूर नानांनी सांगितला, सुनेने लिहिला. तिचं म्हणणं, चांगलं चार पानी झणझणीत लिहू. नाना म्हणाले, "तक्रार लांबली की तिचं रडगाणं होतं. घे लिहून."

मजकूर असा झाला:

"आपण आल्याच्या बिस्किटातून काकवी व लोणी काढून त्याऐवजी साखरेचा पाक व तेल घातले आहे. दोन्ही पाकिटांवरील मजकूर सोबत जोडला आहे. बिस्किट आपले आहे, ते कसे करावे हा आपला प्रश्न. परंतु बदल केला असता केला नाही असे लिहू नये, आणि गिऱ्हाइकाच्या वयावर तर मुळीच ढकलू नये. बदल झाला आहे, एवढे पाकिटावर छापावे. कळावे."

"त्याखाली, 'लाज वाटत नाही का?' असं घालू?" सुनेने विचारलं.

"काट."

"एवढंसं?"

"काट म्हणतो ना. ते वाक्य त्यांना आपोआप ऐकू येईल."

महिना गेला. नाना परत पहिल्यासारखे झाले होते, म्हणजे खरं तर जरा जास्तच. दूध, तेल, चहाची पूड, प्रत्येकावर शेरा. नवरा कुरकुरायचा आणि सून हसायची. चार वाजता ती दुकानाच्या दाराला 'पंधरा मिनिटांत येते' अशी पाटी अडकवायची आणि नानांसमोर बसून चहा प्यायची. गिऱ्हाइकांनाही सवय झाली. डॉक्टरीणबाई एकदा पाटी बघून सरळ आतच आल्या आणि तिसरा कप घेऊन बसल्या.

मग एके दिवशी एक खोकं आलं आणि त्यावर चिकटवलेलं पत्र. सही होती, शाईची. सुनेने आधी मनात वाचलं, यावेळी धोका पत्करला नाही. मग मोठ्याने वाचलं. कंपनीने लिहिलं होतं की आपण म्हणता ते बरोबर आहे. यंदाच्या पावसाळ्यापासून कृतीत बदल केला आहे, आणि तसं न कळवणं ही आमची चूक. वयाबद्दलचं वाक्य आमच्या ठरावीक उत्तरातून काढून टाकलं आहे. पुढच्या छपाईपासून पाकिटावर तसा उल्लेख येईल. जुनी कृती पुन्हा सुरू करण्याचा मात्र सध्या विचार नाही. सोबत चोवीस पाकिटं भेट.

"सध्या विचार नाही!" सून भडकली. "एवढं सगळं मान्य करतात आणि वर हेच बिस्किट पाठवतात! थांबा, मी आता..."

"ते मधलं पुन्हा वाच," नाना म्हणाले.

"कुठलं?"

"बरोबर आहे, ते."

तिने वाचलं. नाना खुर्चीत मागे रेलले आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की तिचा राग जागच्या जागी विरला. "म्हणाले ना, बदललंय म्हणून? सही करून म्हणाले?"

"हो, पण बिस्किट तर परत येणार नाही ना!"

"अगं, नाही तर नाही. गोष्टी बदलतात. मला फक्त कुणीतरी सांगायला हवं होतं." मग त्यांनी कान टवकारले. "ते 'कृती'ला वेलांटी कुठली दिलीय त्यांनी?"

तिने बघितलं. "पहिली."

"दुसरी हवी," नाना अत्यंत आनंदाने म्हणाले.

चोवीस पाकिटं मुलाने कामावर नेली. लिफ्टवाल्यांनी ती दोन दिवसांत फस्त केली आणि फार छान आहेत म्हणून सांगितलं. हे नानांच्या कानावर घालावं की नाही, याचा सुनेने बराच विचार केला. शेवटी सांगितलं. नाना म्हणाले, "मग? वाईट आहे असं मी कधी म्हटलं? आपलं नाही म्हटलं."

आता प्रश्न होता चहासोबत खायचं काय. त्या आठवड्यात नाना बऱ्याच दिवसांनी घराबाहेर पडायला तयार झाले. सुनेने पाटी अडकवली, तिच्या कोपराला धरून नाना निघाले. दोन गल्ल्या पलीकडे एक नवी बेकरी निघाली होती, इतकी लहान की दोन गिऱ्हाइकं आत आली तर तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. गल्ल्याशी उभी असलेली बाई भट्टीही स्वतःच सांभाळत होती. हाताला कोपरापर्यंत पीठ.

"आल्याची बिस्किटं आहेत?" नानांनी विचारलं.

"आहेत, पण आजची जरा जास्त भाजली गेलीत," बाई म्हणाली. "फोन आला आणि माझं लक्ष गेलं. कालची हवी तर कालची देते."

नाना तिच्या आवाजाच्या दिशेने जरा पुढे झुकले. "काकवी घालता?"

"घालते. पण आलं किसून घालते, सुंठ नाही. कधी जास्त पडतं, कधी कमी. रोज एकसारखी चव लागेल असं काही मी सांगणार नाही."

"सांगूच नका," नाना म्हणाले. "आजची द्या."

घरी जाईपर्यंत त्यांना दम निघाला नाही. बेकरीसमोरच्या बाकावर उन्हात दोघं बसली आणि सुनेने पुडा सोडला. बिस्किटं अजून कोमट होती. चहा नव्हता, बुडवायला काही नव्हतं, म्हणून नुसतीच खाल्ली. समोरून सायकली जात होत्या. नाना बराच वेळ चावत राहिले.

"कसं आहे?" तिने विचारलं.

"कडेला करपलंय. मधे बरं आहे. आलं आज सढळ हाताने पडलंय." एवढं बोलून त्यांनी दुसऱ्यासाठी हात पुढे केला. "आणि तुला कसं लागलं?"

तिला हे कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. तिने उरलेला तुकडा तोंडात टाकला, घाई न करता चावला, गिळला आणि विचार केला. "साखर थोडी कमी चालली असती," ती म्हणाली.

नानांनी चावणं थांबवून पुन्हा एकदा चव बघितली आणि मान डोलावली. "बरोबर," ते म्हणाले. "उद्या सांगू तिला."